रॉकेट आडवं कधी वळवायचं? कर्बल स्पेस प्रोग्रामच्या हाताने अंतराळाशी पहिली ओळख

२३ ऑगस्ट २०२३ ची संध्याकाळ. घरातले सगळे टीव्हीसमोर बसले होते. पडद्यावर इस्रोचा आलेख होता, आणि त्या वक्र रेषेवरून चांद्रयान-३ च्या विक्रम लँडरचा ठिपका खाली सरकत होता. चंद्राच्या जमिनीपासून साधारण दीडशे मीटरवर उंचीचा आकडा जवळजवळ थबकला. बाबा पुढे सरसावले. "अरे, थांबलं का ते?"

"जागा बघतोय बाबा. खाली मोठा दगड किंवा खड्डा नाही ना, ते तपासतोय. उतरेल आता."

सहा वाजून चार मिनिटांनी तो उतरला. टाळ्यांचा आवाज ओसरल्यावर बाबांनी विचारलं, हे सगळं तुला कुठून कळतं? मी अभियंता नाही आणि भौतिकशास्त्र बारावीनंतर सुटलं. कळतं ते एका गेममुळे. कर्बल स्पेस प्रोग्राममध्ये मी अशी शेकडो यानं उतरवली आहेत. त्यातली बरीच आपटली, आणि प्रत्येक वेळी का आपटलं हे शोधावं लागलं. वर्तमानपत्रातली 'कक्षा उंचावली', 'दुसरा टप्पा विलग झाला' ही वाक्यं तेव्हापासून मला वेगळी वाचता येऊ लागली.

ज्यांनी हा गेम कधी उघडलेला नाही, पण इस्रोच्या प्रक्षेपणाच्या दिवशी कामातून वेळ काढून थेट प्रक्षेपण बघतात, त्यांच्यासाठी हा लेख आहे. कोऱ्या पटावरून चंद्रापर्यंत कसं पोचायचं, ते क्रमाने सांगतो.

आधी कोणता गेम घ्यायचा

मेक्सिको सिटीतल्या स्क्वॉड नावाच्या छोट्या कंपनीने हा गेम बनवला. २०११ मध्ये त्याची पहिली कच्ची आवृत्ती लोकांसमोर आली आणि २०१५ मध्ये पूर्ण आवृत्ती. तुम्हाला घ्यायचा आहे तो हाच पहिला गेम. २०२३ मध्ये दुसरा भाग अर्धवट अवस्थेत विक्रीला आला, पण पुढच्याच वर्षी तो बनवणारा स्टुडिओ बंद झाला आणि काम तिथेच थांबलं. नाव आणि चित्रं आकर्षक असली तरी नवख्याने तिकडे जाऊ नये.

पहिला भाग विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतो. गेम जुना असल्यामुळे महागडं ग्राफिक्स कार्ड लागत नाही. मी सुरुवात ऑफिसच्या कामाच्या साध्या लॅपटॉपवर केली होती. भार पडतो तो प्रोसेसरवर, कारण रॉकेटच्या प्रत्येक भागावर पडणारं बळ गेम सतत मोजत असतो. म्हणून सुरुवातीला दोनशे भागांचं अजस्र रॉकेट बांधू नका, लॅपटॉप धापा टाकेल. स्टीम या गेम विकणाऱ्या संकेतस्थळावर हा गेम वर्षातून अनेकदा सवलतीत मिळतो, तेव्हा घाई करू नका. घेतल्यापासून चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत मागता येतात.

संगणकच नसेल तर मोबाइलवर स्पेसफ्लाइट सिम्युलेटर आहे. तो द्विमितीय आहे, म्हणजे यान कागदावर काढल्यासारखं दिसतं, पण कक्षेचं गणित तेच. या लेखातलं निम्म्याहून अधिक त्यालाही लागू पडेल.

गेम सुरू केल्यावर 'सँडबॉक्स' निवडा. त्यात सगळे भाग पहिल्या दिवसापासून मिळतात. 'करिअर'मध्ये पैसे, कंत्राटं आणि प्रतिष्ठा सांभाळावी लागते. कक्षा म्हणजे काय हेच कळलेलं नसताना हिशेबाची वही कशाला उघडायची? एकदा चंद्रावर उतरलात की 'सायन्स' प्रकार घ्या, तो खरोखर सुंदर आहे.

पहिलं उड्डाण: फक्त वर आणि खाली

गेममधल्या ग्रहाचं नाव कर्बिन. त्याची त्रिज्या ६०० किलोमीटर, म्हणजे पृथ्वीच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी, पण जमिनीवरचं गुरुत्वाकर्षण पृथ्वीइतकंच. वातावरण ७० किलोमीटरवर संपतं. हे आकडे मुद्दाम सांगतो, कारण पुढे त्यांच्याशीच झगडायचं आहे.

यान जुळवायच्या इमारतीत जा. सगळ्यात वर एमके-१ कमांड पॉड ठेवा. त्याच्या टोकावर एमके-१६ पॅराशूट आणि खाली आरटी-१० हॅमर हे घन इंधनाचं बूस्टर. झालं पहिलं रॉकेट.

उडवण्याआधी पडद्याच्या कडेला टप्प्यांची यादी बघा. स्पेसबार दाबला की सगळ्यात खालचा टप्पा आधी पेटतो. पॅराशूट आणि इंजिन एकाच टप्प्यात आले असतील तर ज्वाळा निघतील आणि त्याच क्षणी छत्रीही उघडेल. पॅराशूटचं चिन्ह ओढून वरच्या टप्प्यात ठेवा. ही यादी तपासायची सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या. नवख्यांची निम्मी रॉकेटं याच एका चुकीने वाया जातात.

टी दाबलं की यान स्वतःला सरळ धरायला लागतं. मग स्पेसबार. बूस्टर एकदा पेटलं की विझवता येत नाही, दिवाळीच्या बाणासारखंच. इंधन संपलं की यान काही काळ वरच जात राहतं, मग वळून खाली येतं. वेग सेकंदाला २५० मीटरच्या खाली आला की पॅराशूट उघडा. त्याआधी उघडलंत तर ते फाटतं.

आत बसलेला हिरवा अंतराळवीर सुखरूप बाहेर आला की एक दीर्घ श्वास घ्या आणि पुढे चला.

इथे सगळ्यांची गाडी अडते

पुढची पायरी म्हणून आपण सहज मोठं रॉकेट बांधतो. दोन टाक्या, मोठं इंजिन. सरळ वर सोडतो. ७० किलोमीटर पार होतात, शंभरही होतात, आकाश काळं होतं, तारे दिसतात. आता पोचलो असं वाटतं, आणि यान परत खाली यायला लागतं. मी हे लागोपाठ चार रात्री केलं. दर रात्री आणखी एक टाकी लावायचो, आणखी उंच जायचो, आणि आणखी जोरात खाली यायचो.

शाळेत शिकवलेलं वाक्य मनात पक्कं बसलेलं असतं: अंतराळात गुरुत्वाकर्षण नसतं. ते खरं नाही. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर फिरतं, आणि तिथलं गुरुत्वाकर्षण जमिनीवरच्या जवळपास नव्वद टक्के आहे. जून २०२५ मध्ये शुभांशू शुक्ला तिथे गेले, ते हवेत तरंगताना आपण सगळ्यांनी पाहिलं. ते आणि त्यांच्याभोवतालचं स्थानक दोघंही एकाच वेळी, एकाच वेगाने पृथ्वीकडे पडत होते, म्हणून तरंगत होते.

मग ते जमिनीवर का आदळत नाहीत? राजगडाच्या बालेकिल्ल्यावर उभं राहून दगड भिरकावलात असं समजा. जोरात फेकाल तितका तो दूर पडेल. पडणारी वस्तू पहिल्या सेकंदात सुमारे पाच मीटर खाली येते. पृथ्वी गोल असल्यामुळे आठ किलोमीटर आडवं गेलं की तिचा पृष्ठभागही साधारण पाचच मीटर खाली वळलेला असतो. म्हणजे वाटेत हवा नसती आणि दगड सेकंदाला आठ किलोमीटर वेगाने आडवा फेकता आला असता, तर तो पडत राहिला असता आणि जमीन त्याच्यापासून तितकीच दूर वळत राहिली असती. कक्षा ती हीच.

म्हणजे रॉकेटचं खरं काम आडवं पळायचं आहे. वर जायचं ते फक्त हवेतून बाहेर पडण्यासाठी, कारण दाट हवेत त्या वेगाने पळता येत नाही. हे डोक्यात शिरलं की अर्धा गेम जिंकलात.

कक्षेत जाणारं रॉकेट: भाग आणि हिशेब

आता कक्षेत जाईल असं रॉकेट बांधू. वरून खाली असं जोडा: एमके-१६ पॅराशूट, एमके-१ पॉड, पॉडच्या बुडाला १.२५ मीटरची उष्णतारोधक ढाल, तिच्याखाली टीडी-१२ डीकपलर, म्हणजे दोन टप्पे एकमेकांपासून सोडवणारा जोड. मग एफएल-टी४०० टाकी आणि एलव्ही-९०९ टेरिअर इंजिन. हा वरचा टप्पा. त्याखाली आणखी एक डीकपलर, एक एफएल-टी८०० टाकी, एक एफएल-टी४०० टाकी, आणि तळाला एलव्ही-टी४५ स्विव्हल इंजिन. अगदी खाली चार छोटे पंख.

पंख खालीच का? दिवाळीच्या बाणाला मागे लांब काडी असते, तेच काम इथे पंख करतात. हवेचा रेटा शेपटीवर जास्त पडला की नाक पुढे राहतं. पंख वर लावले की रॉकेट हवेत कोलांटी मारतं.

दोन वेगळी इंजिनं का, हेही समजून घ्या. टेरिअर निर्वात जागेसाठी बनलेलं आहे. तिथे ते फार काटकसरीने इंधन वापरतं, पण समुद्रसपाटीवर त्याच्यात जवळजवळ दम नसतो. स्विव्हल खाली जोर लावतं आणि त्याचं नळकांडं थोडं वळतं, त्यामुळे रॉकेटला दिशा देता येते. इस्रोच्या एलव्हीएम-३ मध्येही हीच विभागणी आहे: सुरुवातीला घन इंधनाची दोन जाडजूड बूस्टर, मग द्रव इंधनाची दोन विकास इंजिनं, आणि शेवटी द्रव हायड्रोजन-ऑक्सिजनवर चालणारा क्रायोजेनिक टप्पा. यातली विकास इंजिनं मुंबईत विक्रोळीला गोदरेजच्या कारखान्यात बनत आली आहेत. लोकलमधून त्या बाजूने जाताना माझी नजर अजूनही तिकडे वळते.

आता थोडं गणित. घाबरू नका, बेरीज-भागाकारापलीकडे एकच पायरी आहे. 'डेल्टा-व्ही' हा शब्द गेममध्ये सारखा भेटेल. टाकीतलं सगळं इंधन जाळून यान आपला वेग किती बदलू शकतं, तो आकडा म्हणजे डेल्टा-व्ही. गाडीच्या टाकीत किती लिटर आहे याऐवजी 'अजून किती किलोमीटर जाईल' असं विचारावं, तसा. कॉन्स्टंटिन त्सिओल्कोव्स्की या रशियन शिक्षकाने १९०३ मध्ये याचं सूत्र छापलं, आणि आजही प्रत्येक मोहीम तिथूनच सुरू होते.

आपल्या वरच्या टप्प्याचं एकूण वजन ४.०३ टन. त्यातलं दोन टन इंधन. ते जळल्यावर उरतात २.०३ टन. भागाकार केला की १.९८५, त्याचा नैसर्गिक लॉगरिदम सुमारे ०.६८६. टेरिअरची कार्यक्षमता ३४५ सेकंद (इंजिनाची काटकसर सेकंदांतच मोजतात), तिला गुरुत्वाकर्षणाच्या ९.८१ या आकड्याने गुणलं की ३,३८४. दोन्हींचा गुणाकार सुमारे २,३२०. म्हणजे हा टप्पा एकटाच वेगात सेकंदाला २,३२० मीटरची भर घालू शकतो. खालच्या टप्प्याचे हवेतली घट धरून आणखी अठराशे-दोन हजार मिळतात. कर्बिनच्या कक्षेत जायला लागतात साधारण ३,४००. आपल्याकडे पुरून उरेल इतकं आहे. गेम हा आकडा स्वतःच दाखवतो, पण एकदा तरी कागदावर काढून बघा.

मी पहिल्यांदा काढला तेव्हा वहीच्या त्या पानाकडे बराच वेळ बघत बसलो होतो. माझ्या चार रात्रींचं उत्तर त्यात होतं. टाकी दुप्पट केली तर डेल्टा-व्ही दुप्पट होत नाही, कारण नवी टाकी उचलायलाही इंधन लागतं, आणि ते इंधन उचलायला आणखी इंधन. म्हणूनच सुमारे ६४० टनांचं एलव्हीएम-३ जेमतेम ३.९ टनांचं चांद्रयान-३ घेऊन निघतं. म्हणूनच रिकामा टप्पा टाकून द्यायचा असतो.

उड्डाण: वळण घेणं

झेड दाबून थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा जोर, पूर्ण करा, टी दाबा, स्पेसबार. वेग सेकंदाला ६०-७० मीटर झाला की डी दाबून पूर्वेकडे किंचित झुका, पाच ते दहा अंश, जास्त नाही. मग रॉकेटला त्याच्या गतीच्या दिशेने राहू द्या. पडद्याच्या तळाशी दिशा दाखवणारा गोल आहे, त्यावर पिवळं वर्तुळाचं चिन्ह दिसतं, तीच यानाची खरी दिशा. नाक त्या चिन्हाच्या आसपास ठेवा. दहा किलोमीटर उंचीला यान साधारण ४५ अंशांत झुकलेलं असलं की वळण बरोबर चाललं आहे. एकदम मान मोडल्यासारखं वळवलंत तर दाट हवेत ते उलटं होईल.

पूर्वेकडेच का? धावत्या बसमधून उतरताना आपण बसच्याच दिशेने दोन पावलं धावतो, कारण बसचा वेग आपल्या अंगात असतो. ग्रह पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरतो, आणि तो वेग रॉकेटला जमिनीवर उभं असतानाच मिळालेला असतो. कर्बिनच्या विषुववृत्तावर सेकंदाला सुमारे १७५ मीटर, पृथ्वीच्या विषुववृत्तावर ४६५ मीटर. श्रीहरिकोटा विषुववृत्तापासून फार लांब नाही आणि पूर्वेला मोकळा समुद्र आहे, या दोन गोष्टी त्या जागेची खरी संपत्ती आहेत.

एम दाबून नकाशा उघडा. तुमचा मार्ग आता एका कमानीसारखा दिसेल. कमानीचा सर्वांत उंच बिंदू ८० किलोमीटरवर गेला की एक्स दाबून इंजिन बंद करा. आता वाट बघायची. यान हवेतून बाहेर तरंगत वर जातंय, सगळीकडे शांतता. खालचा टप्पा रिकामा झाला असेल तर टाकून द्या. उंच बिंदू अर्ध्या मिनिटावर आला की नाक क्षितिजाला समांतर, पूर्वेकडे, आणि टेरिअर पेटवा.

नकाशातच राहा. कमानीचं दुसरं टोक जमिनीच्या आत घुसलेलं दिसतंय. इंजिन चालू असताना ते टोक जमिनीतून सरकत बाहेर येतं, ग्रहाच्या मागून वळसा घेतं, आणि एका क्षणी रेष स्वतःला येऊन मिळते. कर्बिनभोवती निळं वर्तुळ पूर्ण होतं. जवळचा बिंदूही ७० किलोमीटरच्या वर आला की इंजिन बंद. वेग बघा, सेकंदाला २,२८० मीटरच्या आसपास असेल. आता लॅपटॉप रात्रभर चालू ठेवलात तरी यान खाली येणार नाही. ती रेष पूर्ण होताना पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी खुर्चीतून उठून उभा राहिलो होतो.

परत यायचं असेल तेव्हा उलट्या दिशेने थोडं इंजिन चालवून जवळचा बिंदू ३० किलोमीटरवर आणा, इंजिन टाकून द्या, ढाल पुढे करा, आणि हवेला काम करू द्या.

चंद्राची वाट

कर्बिनचा चंद्र मुन १२,००० किलोमीटरवर आहे. आपला चंद्र सरासरी ३,८४,४०० किलोमीटरवर, पण जायची रीत एकच. कक्षेत फिरत असताना पुढच्या क्षितिजावर मुन उगवताना दिसला की पुढच्या दिशेने इंजिन पेटवा आणि वेगात साधारण ८६० मीटरची भर घाला. कक्षा लांबट होत होत तिचं टोक मुनपर्यंत जाईल, आणि यान तिथे पोचेपर्यंत मुनही फिरत तिथे आलेला असेल. धावत्या मुलाच्या पुढे चेंडू फेकावा तसं.

आता चांद्रयान-३ कडे वळू, कारण त्या वेळी मला सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न हाच होता: अपोलो-११ चार दिवसांत चंद्रावर उतरलं, मग आपल्याला चाळीस का लागले? लोक हे जरा खजील होऊन विचारायचे. खजील व्हायचं काहीच कारण नाही.

चांद्रयान-३ १४ जुलै २०२३ ला निघालं. रॉकेटने ते सुमारे १७० किलोमीटर जवळचा आणि ३६,५०० किलोमीटर लांबचा बिंदू असलेल्या लंबुळक्या कक्षेत सोडलं. पुढचं काम यानाच्या स्वतःच्या ४४० न्यूटनच्या इंजिनाचं. म्हणजे जेमतेम ४५ किलो वजन तोलून धरेल इतका जोर, आणि ढकलायचे होते ३,९०० किलो. एवढ्याशा जोराने ते यान एका दमात चंद्राकडे ढकललं असतं, तर इंजिन इतका वेळ चालवावं लागलं असतं की यान अर्धी प्रदक्षिणा पुढे निघून गेलं असतं आणि बराच जोर भलत्याच जागी खर्च झाला असता.

झोपाळ्यावरच्या मुलाला आपण कसं झुलवतो? एकदाच भला मोठा धक्का न देता, दर फेरीला छोटा, आणि तोही नेमक्या जागी. यानाचं तसंच. पृथ्वीच्या सर्वांत जवळ असताना त्याचा वेग सर्वांत जास्त असतो, आणि त्या वेळी जाळलेल्या इंधनाच्या प्रत्येक थेंबातून सर्वांत जास्त ऊर्जा मिळते. याला ओबर्थ परिणाम म्हणतात. म्हणून पाच वेळा, दर वेळी जवळच्या बिंदूपाशी, इंजिन थोडं थोडं चालवलं गेलं. २५ जुलैपर्यंत कक्षा खूप लांबली, १ ऑगस्टला शेवटचा धक्का चंद्राकडे, ५ ऑगस्टला चंद्राची कक्षा. अपोलोत अंतराळवीर होते, त्यांचं अन्न-पाणी-हवा सोबत न्यायची होती, म्हणून वेळ वाचवायचा होता, आणि त्यासाठी त्यांनी सुमारे २,९०० टनांचं रॉकेट उभं केलं. आपण वेळ दिला आणि वजन वाचवलं.

हे गेममध्ये नक्की करून बघा. मोठ्या यानाला मुद्दाम छोटं इंजिन लावा. एकदा सलग जाळून बघा, मग तेच पाच तुकड्यांत. टाकीत उरलेल्या इंधनाचा फरक तुमच्या डोळ्यांसमोर असेल.

उतरणं

मुनवर हवा नाही, म्हणजे पॅराशूटचा उपयोग शून्य. सगळा वेग इंजिनानेच मारायचा. मुनच्या कक्षेत शिरायला साधारण ३१० मीटर, उतरायला ५८० आणि परतीसाठी सुमारे ९०० एवढा डेल्टा-व्ही हाताशी हवा. आपलं कक्षेचं रॉकेट याला पुरणार नाही, खाली आणखी एक मोठा टप्पा लागेल आणि लँडरला पाय लागतील. एवढं बांधकाम तुम्ही आता स्वतः करू शकाल.

उतरण्याआधी एफ५ दाबा. ती नोंद राहते, आणि आपटलात तर एफ९ धरून तिथूनच पुन्हा सुरुवात करता येते.

जवळचा बिंदू १० किलोमीटरपर्यंत खाली आणा. गोलावरच्या वेगाच्या आकड्यावर क्लिक करून तो 'सरफेस'वर ठेवा, म्हणजे वेग जमिनीच्या संदर्भात दिसेल. यान उलट्या दिशेला धरून आधी आडवा वेग मारा. नवखे इथे फक्त खाली जाणाऱ्या वेगाकडे बघतात आणि आडवे घसरत जाऊन कोलमडतात. उंचीचा आकडा समुद्रसपाटीच्या हिशेबाचा असू शकतो. मुनवर डोंगर आहेत, तेव्हा आकडा दोन हजार दाखवत असताना जमीन शंभर मीटरवर असू शकते. माझा भरवसा सावलीवर आहे. सूर्य मागे असेल अशा जागी उतरा. आधी जमिनीवर काहीच दिसत नाही, मग एक बारीक काळा ठिपका, मग त्याला पाय फुटतात, आणि सावलीचे पाय यानाच्या पायांकडे धावत येतात. शेवटच्या शंभर मीटरांत वेग सेकंदाला दहाच्या खाली, टेकताना तीनच्या आत. टेकलात की लगेच एक्स.

विक्रमने हे सगळं कोणी हात न लावता केलं. चंद्रापासून सिग्नल यायलाच सव्वा सेकंद आणि उलटा जायला तेवढाच वेळ लागतो, त्यामुळे बेंगळुरूहून ते हाताने चालवणं शक्यच नव्हतं. ३० किलोमीटर उंचीवर त्याचा वेग सेकंदाला १.६८ किलोमीटर होता, आणि १९ मिनिटांत तो शून्यावर आणायचा होता. ७ सप्टेंबर २०१९ ला चांद्रयान-२ च्या लँडरचा याच उतरंडीवर संपर्क तुटला होता. त्यानंतर पाय अधिक मजबूत केले गेले, दोनऐवजी तीन मीटर वेगाने टेकलं तरी चालेल असे, आणि जमिनीच्या संदर्भात वेग मोजणारं नवं लेझर उपकरण बसवलं गेलं. गेममध्ये दहाव्यांदा आडवे घसरल्यावर त्या उपकरणाची किंमत मला कळली.

आता बातमी हातात घ्या

पुढच्या प्रक्षेपणाआधी इस्रोच्या संकेतस्थळावरचं माहितीपत्रक उघडा आणि चार गोष्टी वहीत लिहा: यानाचं वजन, कक्षेचे दोन आकडे, टप्पे कधी विलग होणार, आणि रॉकेट कोणत्या दिशेला जाणार. कक्षेचे दोन आकडे जवळजवळ सारखे असतील तर वर्तुळ, खूप वेगळे असतील तर प्रवास अजून बाकी आहे. रॉकेट दक्षिणेकडे जाणार असेल तर उपग्रह ध्रुवांवरून फिरणारा आहे. श्रीहरिकोट्याहून सरळ दक्षिणेला श्रीलंका येते, म्हणून इस्रोच्या पीएसएलव्ही रॉकेटला वाटेत वळसा घ्यावा लागतो आणि त्यात इंधन जातं. तमिळनाडूत कुलशेखरपट्टिनमला छोट्या रॉकेटांसाठी नवा तळ का उभारला जातोय, हे आता तुम्हीच शेजाऱ्याला सांगू शकाल. मंगळाच्या मोहिमा २६ महिन्यांच्या अंतराने का निघतात, ते गेममध्ये ड्युना या लाल ग्रहाकडे जायला निघालात की कळेल. मंगळयान ५ नोव्हेंबर २०१३ ला निघालं ते अशाच उघडलेल्या खिडकीतून.

आणि हे सगळं जमलं की डॉकिंग शिका. कक्षेत दोन यानं जोडणं हा या गेममधला मला सगळ्यात आवडणारा भाग आहे, कारण तिथे नेहमीची बुद्धी उलटी चालवावी लागते. पुढच्या यानाला गाठायचं असेल तर वेग कमी करायचा. कमी केला की कक्षा खाली येते, खालची प्रदक्षिणा लवकर पूर्ण होते, आणि तुम्ही त्याला गाठता. ३० डिसेंबर २०२४ ला निघालेल्या इस्रोच्या स्पेडेक्स मोहिमेचे दोन उपग्रह, प्रत्येकी सुमारे २२० किलोचे, हेच करायला गेले होते. जोडणीची तारीख दोनदा पुढे गेली. १२ जानेवारीला त्यांना चाचणी म्हणून १५ मीटर, मग ३ मीटरपर्यंत जवळ आणलं आणि पुन्हा लांब नेलं. आमच्या गटात काहींना वाटलं, बिघडलं काहीतरी. ज्यांनी गेममध्ये डॉकिंग केलं होतं ते निवांत होते: घाई केली की आदळतं, हे त्यांच्या हातांना माहीत होतं. १६ जानेवारी २०२५ ला ते जोडले गेले, आणि हे जमवणारा भारत चौथा देश ठरला.

तुमच्या पहिल्या डॉकिंगला दोन्ही यानांचा सापेक्ष वेग आधी शून्यावर आणा, मग सेकंदाला ०.२ मीटरने पुढे सरका. सुरू करण्याआधी एफ५ दाबा, आणि शेवटच्या शंभर मीटरांना पूर्ण अर्धा तास द्या.